एकात दोन

दुकानदाराने पडदा कीबोर्डपासून ओढला आणि ‘टक्’ असा आवाज झाला. शरद त्या आवाजावरच भाळला. पडदा जवळ नेला की चुंबकाने आपोआप चिकटायचा, पुन्हा टक्. दुकानदाराने हे दोनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा शरदने स्वतः केलं, आणि ते करताना त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मनीषाने लगेच ओळखलं. सौदा झालेला होता. आता फक्त किंमत विचारायची बाकी होती.

नाशिकला महात्मा गांधी रोडवर ते तिघं आले होते. तिसरा ओंकार, शरदचा पुतण्या, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. घरात विजेवर चालणारं काहीही आणायचं तर ओंकारला विचारायचं, असा रिवाज पडला होता.

“काका, यात दोन प्रकार,” ओंकार म्हणाला. “एक फिरणारा. त्याचा पडदा मागे पूर्ण वळतो, पण कीबोर्ड सुटत नाही. हातात धरला की बटणं खाली बोटांना लागत राहतात आणि वजन दीड किलोच्या आसपास. दुसरा हा, सुटणारा. बागेत जाताना नुसता पडदा न्यायचा. नऊशे ग्रॅम. घरी आलात की जोडला, झाला लॅपटॉप.”

“म्हणजे एकात दोन,” शरद म्हणाला.

“एकात दोन,” दुकानदार म्हणाला. त्याला यापेक्षा जास्त बोलण्याची गरजच उरली नव्हती.

किंमत पडद्याची होती. कीबोर्ड वेगळा, पेन वेगळं. तिन्ही मिळून आकडा लाखाच्या घरात गेला, तेव्हा दुकानदाराने जुना लॅपटॉप एक्सचेंजमध्ये घ्यायची तयारी दाखवली. तो मनीषाच्या पिशवीतच होता. ‘रॅम वाढवता येते का’ हे विचारायला बरोबर आणला होता.

मनीषाने एकच विचारलं. “हे घेऊन तुम्ही बागेत गेलात की मी कशावर लिहू?”

“तू लिहितेस संध्याकाळी. संध्याकाळी मी घरीच असतो की.”

हिशेब चोख होता. जुना लॅपटॉप दुकानात राहिला.

शरद द्राक्षसल्लागार. निफाड तालुक्यात पिंपळगाव बसवंतच्या आसपास चाळीसेक प्लॉट त्याच्याकडे. एकरी फी ठरलेली, आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून फेब्रुवारी-मार्चच्या तोडणीपर्यंत दर प्लॉटला ठरलेल्या फेऱ्या. पानं पाहायची, घड पाहायचे, काय फवारायचं ते सांगायचं. कृषी पदवीधर, डोळा तयार. पानावर तेलकट डाग उमटायच्या आधी नुसत्या हवेवरून तो डाऊनी बुरशी येणार म्हणून सांगायचा, आणि बहुतेक वेळा ती यायची.

पण निर्यातीच्या बागेत डोळा पुरत नाही. काय फवारलं, कधी, किती आणि तोडणीला किती दिवस उरलेले असताना, हे सगळं लिहिलेलं लागतं. युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याचा अंश किलोला 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघाला तर माल नापास. द्राक्ष बागायतदारांना हे पाठ आहे, कारण 2010 साल कुणी विसरलेलं नाही. वाढ रोखायला वापरायच्या सीसीसीचा अंश त्या वर्षी युरोपात सापडला, आपले कंटेनर तिकडच्या बंदरांवर अडकले आणि इकडे पिकलेल्या बागांच्या मालकांना कुणाला काय विचारावं ते कळेना. ज्या रसायनाने गोंधळ झाला त्याची तपासणी इथल्या यादीतच नव्हती. तेव्हापासून शहाणा बागायतदार नमुना तपासायला जाण्याआधी स्वतःच्या नोंदी तपासतो.

या नोंदी मनीषाकडे. लग्नाआधी तिने मराठी टायपिंगची 30 शब्दांची सरकारी परीक्षा दिलेली, आणि शरदचं अक्षर तर असं की त्यालाच दुसऱ्या दिवशी लागत नसे. त्यामुळे फार वर्षांपूर्वी एक पद्धत पडून गेली. तो दिवसभर खिशातल्या डायरीत खरडायचा. संध्याकाळी चहा झाला की डायरी उघडून वाचायचा आणि ती टाइप करायची. तास-सव्वा तास जायचा. वाचता वाचता तो थांबायचा, “हे काय लिहिलंय बरं?” म्हणायचा, आठवून सांगायचा. ती टाइप करता करता विचारायची, “परवाही हेच दिलं होतं ना त्यांना?” मग तो म्हणायचा, “थांब, मग बदलू,” आणि तिथूनच त्या शेतकऱ्याला फोन जायचा.

शरद या तासाला वैतागलेला होता. एकच गोष्ट दोनदा. बागेत एकदा लिहा, घरी पुन्हा सांगा. मनीषाही वैतागलेलीच होती, कारण त्याच तासात भाजीही टाकायची असे. यंत्र आलं ते हा तास वाचवायला, आणि सुरुवातीला त्याने तो वाचवलाही.

ऑक्टोबर शरदचा फार मजेत गेला. छाटणी दाखवायला पूर्वी तो मातीत काडीने रेघोट्या मारायचा. आता वेलीचा फोटो काढायचा आणि त्यावरच पेनाने लाल रेघ ओढायचा: ही काडी इथे, इतक्या डोळ्यांवर. फोटो तिथल्या तिथे शेतकऱ्याच्या मोबाइलवर. मजूर लावून छाटणारा मुकादम तो फोटो दहा जणांना दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी बाग सांगितल्याप्रमाणे छाटलेली असायची. नोव्हेंबरात पानाच्या पाठीवरची पांढरी बुरशी मोठी करून दाखवली तेव्हा एक म्हातारे बागायतदार चष्मा न लावता म्हणाले, “आता दिसली बा डाऊनी. इतके दिवस तुमच्यावर विश्वास ठेवू राहिलो होतो.”

गेल्या वर्षी याच प्लॉटला याच सुमाराला काय दिलं होतं, ते बांधावर उभ्या उभ्या दिसायचं. सल्ल्याच्या कागदावर शेतकऱ्याची सही तिथेच पडद्यावर. मोटरसायकलवर पाठीला सॅक हलकी. घरी मागचा टेकू उघडून तो पडदा ओट्यावर उभा करता यायचा, आणि बारावीतली मुलगी गार्गी पोह्यांची ताटली शेजारी ठेवून गणिताचा तास पाहायची, समीकरणं पडद्यावरच सोडवायची. ज्याचं काम उभ्याने, चालता चालता, बघत आणि खुणा करत होतं, त्याला पेन लागणारा पडदा म्हणजे चैन नव्हे. वॉर्डातून फिरणारा डॉक्टर, चालू बांधकामावरचा आर्किटेक्ट, आकृत्या काढत शिकणारा विद्यार्थी यांनी असं यंत्र घेतलं तर त्यांना उधळ्या म्हणायचं कारण नाही.

उन्हाची गोष्ट मात्र कुणी दुकानात सांगत नाही. दुकानात ऊन नसतंच. मांडवाखाली सावलीत पडदा चांगला दिसायचा. बांधावर आलं की त्यात शरदला स्वतःचं तोंड दिसायचं आणि मागे आकाश. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी पडदा आपोआप मंद व्हायचा, कामं रेंगाळायची. अशी बहुतेक यंत्रं 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं ती बनवणारेच छापतात, पण तो कागद खोक्यात असतो आणि खोका माळ्यावर. पेन मागच्या चुंबकाला चिकटवून ठेवायचं. मोटरसायकलला चुंबकाचं काही वाटत नाही. पहिलं पेन दिवाळीच्या आत पालखेडच्या कालव्याच्या रस्त्यावर कुठेतरी पडलं, दुसरं शरदने दोऱ्याने बांधलं.

बसून लिहायचं म्हटलं तर टेबल लागायचं. लॅपटॉप मांडीवर बसतो. हा प्रकार मांडीवर घेतला की मागचा टेकू गुडघ्याच्या कडेवर यायचा आणि पडदा मागे कलंडायचा. बांधावर, विहिरीच्या कठड्यावर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर शरदने सगळं करून पाहिलं. शेवटी तो उभ्यानेच बोटाने लिहू लागला. पडद्यावरचा कीबोर्ड उघडला की अर्धा पडदा त्यातच जायचा आणि उरलेल्या अर्ध्यात एक्सेलच्या चार ओळी. पूर्ण वाक्य लिहायचा कंटाळा येऊ लागला. डायरीत तो ‘घडांच्या सावलीत भुरीची सुरुवात, वारा नाही, नाना म्हणतात परवा ढग होते’ असं लिहायचा. आता त्याने यादी करून ठेवली: रोगाचं नाव निवडा, औषधाचं नाव निवडा, तारीख आपोआप. तीन टिचक्या.

पडदा आणि कीबोर्ड एक करायची हौस तशी जुनीच. 2001 साली बिल गेट्स यांनी सांगितलं होतं की पाच वर्षांत टॅबलेट पीसी हाच अमेरिकेत सर्वांत जास्त विकला जाणारा प्रकार होईल. पाच वर्षांनी तसं काही झालेलं नव्हतं. 2012 च्या एप्रिलमध्ये ॲपलचे टिम कुक म्हणाले की टोस्टर आणि फ्रीज एकत्र करता येतील, पण ते वापरणाऱ्याला आवडतील असं नाही. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने सरफेस आणला, आणि 2015 मध्ये ॲपलनेही मोठ्या आयपॅडला जोडायचा कीबोर्ड आणि पेन बाजारात आणलं. टोस्टरची गोष्ट त्या दिवशी कुणी काढली नसावी. ज्याला जे विकायचं असतं त्याप्रमाणे त्याची मतं, हा व्यापाराचा नियम आहे आणि त्यात रागावण्यासारखं काही नाही. आपण मात्र घेताना त्यांचं मत घेऊन येऊ नये.

मनीषाच्या वाट्याला या एकातल्या दोनमधलं कुठलं आलं? कीबोर्ड. शरद सकाळी टक् करून पडदा काढून घ्यायचा आणि कीबोर्ड जेवणाच्या टेबलावर पडून राहायचा, पातळ, राखाडी, मुका. बिलाचं विचारायला कुणाचा फोन आला, पॅकहाऊसला एखाद्या प्लॉटची नोंद हवी असली, की ती त्या कीबोर्डकडे बघून “ते आल्यावर पाठवते” म्हणायची. आधी दुपारची दोन ते चार ही वेळ तिची होती. गार्गी कॉलेजात, घर शांत, लॅपटॉप तिच्यासमोर. बिलं, थकबाकी, नोंदींची जुळणी तेव्हाच व्हायची. दुकानात जे ‘तू लिहितेस संध्याकाळी’ म्हटलं गेलं ते अर्धंच खरं होतं. संध्याकाळी ती टाइप करायची ते शरदला दिसायचं. दुपारी काय करायची ते त्याला दिसायचा प्रश्नच नव्हता.

आता दुपारचं काम रात्री दहानंतर. तेव्हा गार्गीचा तास संपलेला असायचा आणि बॅटरी लाल झालेली. भोक एकच, त्यात चार्जर लावला तर पेन ड्राइव्ह कुठे लावायचा, आणि छापायचं तर प्रिंटरची वायर कुठे? तेरा इंची पडद्यावर एक्सेलची बारीक अक्षरं वाचताना ती पुढे वाकायची. पातळ कीबोर्ड तिच्या बोटांखाली थडथडायचा. आणि ज्या दिवशी शरद कीबोर्डसुद्धा सॅकमध्ये टाकून घेऊन गेला आणि तो दुसऱ्याच्या पडवीत विसरून आला, त्या रात्री पडद्यावरचा मराठी कीबोर्ड उघडून ती बसली, तर अक्षरांच्या जागाच वेगळ्या. तिच्या बोटांना सवय रेमिंग्टन मांडणीची. एक बिल लिहायला अर्धा तास गेला.

पण तिने तक्रार केली नाही, हेही सांगायला हवं. संध्याकाळचा तास वाचला होता. शरद नोंदी बागेतच करून यायचा, आल्यावर टीव्हीसमोर बसायचा, आणि ती निवांत भाजी टाकायची. ‘हे बरं झालं’ असं तिने बहिणीला फोनवर सांगितलंही होतं. दोघंही सुखात होती.

डिसेंबरच्या शेवटी नाना फीचा चेक द्यायला आले. नानांचा दोन एकरांचा थॉमसन द्राक्षांचा प्लॉट म्हणजे शरदचा मानाचा प्लॉट. इतरांना दाखवायला तो तिथेच घेऊन जायचा. शरद घरी नव्हता. नाना ओसरीवर बसले, चहा घेतला, आणि उठता उठता म्हणाले, “वहिनी, एक सांगायचं राहिलं. तोडणी पंचवीसला धरली होती ना फेब्रुवारीत, ती आता आठला. निर्यातवाल्याला लवकर माल पाहिजे, रेट बरा देऊ राहिला. गोडी बसतीये तोपर्यंत. साहेबांना सांगा.”

“सांगते,” मनीषा म्हणाली, आणि विसरायला नको म्हणून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर 8 फेब्रुवारीच्या चौकोनात लिहून ठेवलं: ‘नाना तोड’.

त्या संध्याकाळी शरद उशिरा आला. दुसऱ्या दिवशी गार्गीची चाचणी होती. तिसऱ्या दिवशी पाहुणे. सांगायचं होतं ते मनात होतं, पण सांगायची जागाच उरली नव्हती. पूर्वी ‘नानांचा प्लॉट’ असं त्याने वाचलं की तिच्या तोंडून आपोआप निघालं असतं, “अहो, त्यांची तोडणी बदललीय.” आता नानांचं नाव तिच्या कानावर पडतच नव्हतं. आणि शरद कालनिर्णय बघायचा नाही. त्याचं कॅलेंडर पडद्यात होतं.

4 जानेवारीला ढगाळ हवेत नानांच्या बागेत घडांवर भुरी दिसली. शरदने तीन टिचक्या मारल्या. निवडलेलं औषध चांगलं होतं, रोगावर बरोबर होतं, निर्यातीच्या यादीत होतं. फवारणी ते तोडणी यांत त्याला 40 दिवस सोडावे लागतात, आणि पडद्यावरच्या तक्त्यात तोडणी 25 फेब्रुवारी होती. म्हणजे 52 दिवस. तक्त्याने हिरवा रंग दाखवला. नानांनी सांगितलेलं औषध फवारलं. साहेबांना तारीख माहीत आहे याबद्दल त्यांना शंका यायचं कारण नव्हतं.

नमुना तपासणीआधी पॅकहाऊसने नोंदी मागवल्या. 20 तारखेच्या रात्री मनीषा त्या पुढे वाकून वाचत होती. 4 जानेवारीच्या ओळीवर ती थांबली. बोटांवर दिवस मोजले. स्वयंपाकघरात जाऊन कालनिर्णयवर पुन्हा मोजले. पस्तीस. पाच दिवस कमी.

तिने शरदला उठवलं. तो डोळे चोळत म्हणाला, “पंचवीस आहे त्यांची.”

“आठ आहे.”

“तुला काय माहीत?”

या प्रश्नाचं उत्तर भिंतीवर टांगलेलं होतं.

नानांना सांगायला दोघं सकाळीच गेले. रासायनिक अंश निघेलच असं नव्हतं, पण निघाला तर माल जाणार आणि नावही जाणार. थांबणंच शहाणपणाचं. आठच्या कंटेनरमध्ये नानांचा माल गेला नाही. पुढची सोय लागेपर्यंत बाजारात आवक वाढली आणि किलोमागे 12 रुपये कमी मिळाले. सोळा टन माल. 1,92,000 रुपये. दुकानातल्या त्या यंत्रासारखी जवळपास दोन यंत्रं आली असती.

नानांनी आवाज चढवला नाही. पागोट्याच्या वयाची माणसं आवाज चढवत नाहीत, म्हणूनच त्यांचं बोलणं लागतं. “मी वहिनींना सांगितलं होतं,” ते शरदला म्हणाले. “मला वाटलं, तुम्ही एकाच घरात राहता.”

परतीच्या वाटेवर मोटरसायकलवर कुणी काही बोललं नाही.

रविवारी ओंकार आला. काकांचं नुकसान यंत्रामुळे झालं, म्हणजे थोडं त्याच्या सल्ल्यामुळे झालं, असं त्याला वाटत होतं. तो तयारीने आला होता. “काका, कॅलेंडर दोघांचं एक करून टाकू. काकूंच्या मोबाइलवरही दिसेल. आणि तक्त्यात तोडणीची तारीख बदलली की सगळ्या जुन्या फवारण्या आपोआप तपासल्या जातील, दिवस कमी पडले तर लाल. मी एका तासात बसवून देतो.”

“बसव,” मनीषा म्हणाली. “पण तारीख बदललीय हे त्याला सांगणार कोण?”

“जो बदलेल तो.”

“बदलली नानांनी. सांगितली मला. तक्ता ह्यांच्या पाठीवर, सॅकमध्ये. मी काय कीबोर्डला सांगू?”

ओंकार हसला, पण काकू हसत नव्हती.

शरद म्हणाला, “मग ते परत करून टाकू. डायरीच बरी होती.”

त्याला वाटलं होतं मनीषा हो म्हणेल. ती म्हणाली, “कशाला? तुम्हाला ते उपयोगी आहे. छाटणीचे फोटो गेले म्हणून या वर्षी एका तरी प्लॉटला पुन्हा छाटायला लागलं का? डायरी घेतलीत की पुन्हा मातीत रेघोट्या माराल. डायरीने काही पकडलं नव्हतं कधी.” मग जरा थांबून म्हणाली, “तुम्ही वाचायचात आणि मी ऐकायचे, त्यात पकडलं जायचं.”

शरद म्हणाला, “तो तास तर तुलाच नको होता.”

“नकोच होता. मला काय माहीत त्या तासात काय काय होत होतं ते?”

ओंकारने तेवढ्यात मोबाइलवर काहीतरी शोधायला सुरुवात केली होती. मोठी माणसं खरं बोलू लागली की तरुण माणसं मोबाइल काढतात. मनीषाने त्यालाच कामाला लावलं. “जुना चालेल, पण टेबलावरचा कॉम्प्युटर बघ. पडदा मोठा. कीबोर्ड जाड, बटणं खाली जाणारा. चार-सहा भोकं असलेला. उद्या काही बिघडलं तर उघडून दुरुस्त होईल असा. आणि मुख्य म्हणजे, कुणाला उचलून नेता येणार नाही असा.”

तो पंचवीस हजारांच्या आत मिळाला, एका बंद झालेल्या ऑफिसातला, मॉनिटरसकट. पैसे मनीषाने तिच्या भिशीतून दिले. शरद देत होता, तिने घेतले नाहीत. त्याला त्याचं वाईट वाटलं. वाटू द्यावं. जेवणाच्या टेबलावर आता जागा कमी झाली आणि गार्गी कुरकुरली. मग ते टेबल ओसरीच्या खोलीत हललं आणि त्या खोलीला पहिल्यांदा ‘ऑफिस’ म्हटलं गेलं. ओंकारने दोन्ही यंत्रांवर एकच तक्ता बसवला, लाल-हिरव्या रंगासकट. शरदचा पडदा रोज सकाळी त्याच्याबरोबर जात राहिला. कीबोर्ड कपाटात गेला. गार्गीला निबंध लिहायचा असला की निघतो.

बाकीच्या चाळीस प्लॉटवर काही परिणाम झाला का, असं कुणी विचारेल. दोन बागायतदारांनी सल्लागार बदलला. नानांनी बदलला नाही. पण एप्रिलमध्ये खरड छाटणीचं बोलायला त्यांचा फोन आला तो शरदच्या मोबाइलवर नाही, मनीषाच्या मोबाइलवर. “वहिनी, या साली एकरी फी तेवढीच ना? आणि बिलावर दोघांचं नाव टाका. कुणाला काय सांगितलं ते मला लक्षात राहत नाही आता.” त्यांच्या लक्षात सगळं राहत होतं. मनीषाने बिलाच्या मथळ्यात दुसरं नाव घातलं आणि शरदला छापलेलंच दाखवलं.

संध्याकाळचा तास परत आला. एप्रिलच्या उन्हात तापून मंद झालेला पडदा शरद पंख्याखाली ठेवायचा आणि चहा झाला की वाचायला बसायचा. नोंदी तक्त्यात आधीच आलेल्या असायच्या. मनीषासमोरच्या मोठ्या मॉनिटरवर त्या दिसतच असायच्या. तरी तो वाचायचा.

“हे दिसतंय ना तुला? मग वाचायचं कशाला? एकच गोष्ट दोनदा.”

“दोनदाच. वाचा.”

“बरं. नानांचा प्लॉट. खरड छाटणी अठराला. फुटवे आले की सीसीसीऐवजी...”

“थांबा. अठराला मजूर आहेत त्यांच्याकडे? मुकादमाच्या घरी लग्न आहे ना त्या आठवड्यात?”

शरदने पडद्यावर पाहिलं. तिथे लग्नाचा रकाना नव्हता.

“कुणी सांगितलं?”

“मुकादमाच्या बायकोने. पत्रिका द्यायला आली होती. आधी फोन लावा नानांना, मग पुढचं वाचा.”

त्याने फोन लावला.